गोळीचे नाव आणि तिचा तालुका

उचगाव या नावाची दोन गावे या मुलखात आहेत. एक आमचे, करवीर तालुक्यातले, कोल्हापूर शहराच्या पूर्वेला महामार्गाच्या अंगाशी आणि गांधीनगरच्या कापडपेठेच्या शेजाराला वसलेले. दुसरे बेळगाव तालुक्यातले, मळेकरणी देवीमुळे सर्वदूर ठाऊक असलेले. शाळकरी वयात मामांना पहिले पोस्टकार्ड लिहिताना उत्तरासाठीचा पत्ता म्हणून 'मु. पो. उचगाव' एवढी अक्षरे घालून मी लेखणी खाली ठेवली, तेव्हा वडिलांनी ती उचलून पुन्हा माझ्या हाती दिली आणि पुढे 'ता. करवीर' असे स्वच्छ अक्षरांत लिहवून घेतले. गावाचे नाव हाक मारण्यापुरते असते, टपाल पोचते ते तालुक्याच्या भरवशावर, ही त्यांची शिकवण पुढे शाळेत रसायनशास्त्र शिकवताना मला वारंवार आठवत असे; आणि गेल्या पावसाळ्यात घरी जो प्रसंग ओढवला त्यानंतर तर, औषधांच्या बाबतीत आपण अवघा समाज तालुका न घालता पत्रे धाडीत आहोत, अशी माझी खात्री होऊन चुकली आहे.

माझी थोरली आक्का सत्तरी ओलांडलेली. अंगाला खाज उठते म्हणून डॉक्टरांनी तिला रोज रात्री सेटिरिझिनची एक गोळी लिहून दिली आहे, तिला ती 'खाजेची गोळी' म्हणते. श्रावणातल्या झडीत तिला पडसे झाले, नाक चोंदले, डोके जड झाले, तेव्हा नातवाला धाडून तिने मेडिकलातून सर्दीच्या सहा गोळ्या आणि खोकल्याची एक बाटली आणवली. तिसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तिचा तोल गेला, मनगट मुरगळले, आणि उठवून बसवल्यावरही आपण कोठे आहोत याचे भान तिला यायला बराच वेळ लागला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला आणि विचारले, "आक्का, कसली गोळी घेतलीसा?"

"सर्दीची."

"नाव काय तिचं?"

"पिवळी हाय बघा, बारकी."

मी घरी येऊन ती पट्टी शोधली. दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या कात्रीने कापून दिलेल्या होत्या आणि कात्री नेमकी मजकुराच्या मधून गेलेली होती. चंदेरी कागदाच्या पाठीवर व्यापारी नावाची शेवटची तीन इंग्रजी अक्षरे, कारखान्याच्या पत्त्यातला अर्धा पिनकोड आणि एका ओळीच्या शेवटी 'मेलिएट' एवढा शब्द, इतकाच ऐवज आमच्या वाट्याला आला होता. आयुष्यभर क्षारांची नावे फळ्यावर लिहिलेल्या माणसाला त्या एका शब्दावरून क्लोरफेनिरामिन मेलिएटचा अंदाज करता आला, हा केवळ योगायोग. ज्या घरी रसायनशास्त्राचा शिक्षक नाही त्या घराने काय करावे? खोकल्याची बाटली सुदैवाने शाबूत होती आणि तिच्यावर, भिंग लावून वाचावे लागेल अशा टाइपात, डायफेनहायड्रामिन हे नाव होते. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन आणि डायफेनहायड्रामिन ही तिन्ही द्रव्ये हिस्टामिनरोधक या एकाच कुळातली आहेत. यांतल्या मागल्या दोघांचा गुंगी आणण्याचा स्वभाव जगजाहीर आहे आणि वृद्धांना त्यांनी तोंड कोरडे पडते, लघवी तुंबते, बुद्धीला झापड येते, पाय लटपटतात. खाज, सर्दी आणि खोकला अशी तीन वेगवेगळी दुखणी समजून आक्काने तीन वेगवेगळी औषधे घेतली. वस्तुतः तिने एकाच जातीचे औषध तीन नावांनी घेतले होते.

दुकानदार भला माणूस आहे. मी विचारायला गेलो तेव्हा त्याने सरळ सांगितले, "सर, सर्दीची चालू गोळी हाय ही, सगळी हीच नेत्यात." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. गिऱ्हाइकाने 'सर्दीची गोळी' मागितली, त्याने 'सर्दीची गोळी' दिली. आत काय आहे हा प्रश्न देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या दोघांच्याही मनात उद्भवला नाही, आणि माझे सारे म्हणणे या न उद्भवलेल्या प्रश्नाविषयी आहे.

त्या संध्याकाळी मी घरातला औषधांचा पत्र्याचा डबा मेजावर उपडा केला. सर्दीची, तापाची, अंगदुखीची, 'डोके धरले की घ्यायची' अशा ओळखीने वर्षानुवर्षे साठलेल्या सात अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या निघाल्या. भिंग आणि पेन्सिल घेऊन मी प्रत्येकीचा तपशील उतरवून काढला, तेव्हा त्या सातांपैकी पाच पट्ट्यांत पॅरासिटामॉल निघाले, पाच निरनिराळ्या नावांखाली. हे द्रव्य मात्रेत घेतले तर अत्यंत उपकारक आहे, आणि म्हणूनच त्याच्याविषयी आपण निर्धास्त असतो. परंतु निरोगी प्रौढ माणसालाही दिवसाकाठी ४ ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा मानलेली आहे. त्यापलीकडे गेले की यकृतात त्याचे जे विषारी रूपांतर अल्प प्रमाणात होतच असते, ते आवरणारे ग्लुटाथायोन अपुरे पडू लागते आणि यकृताच्या पेशी जळतात. मद्यपी, उपाशी व कृश माणसांची मर्यादा याहूनही अलीकडे असते. आता हिशेब पाहावा. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतली की २६०० मिलिग्रॅम झाले. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असेल आणि ती तीन वेळा घेतली, तर १५०० आणखी. बेरीज ४१००. या माणसाने एकही गोळी जास्त घेतलेली नाही, दोन्ही औषधे सांगितल्या मात्रेत घेतली आहेत, आणि तरीही तो मर्यादेबाहेर गेला आहे. परदेशी असलेल्या मुलाने आणून दिलेली अमेरिकन बाटली घरात असेल तर घोटाळा आणखी वाढतो, कारण याच पॅरासिटामॉलला तिकडे ॲसिटामिनोफेन म्हणतात.

सर्दीच्या सामान्य गोळीत असते तरी काय? तापासाठी व अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल. नाकातले पाणी थांबविण्यासाठी क्लोरफेनिरामिन, बहुधा २ मिलिग्रॅम. चोंदलेले नाक मोकळे व्हावे म्हणून फेनिलेफ्रिन, ५ किंवा १० मिलिग्रॅम. आणि पुष्कळदा गुंगीवर उतारा म्हणून कॅफिन, म्हणजे चहाकॉफीतला अर्क. बाटल्यांत यांच्या जोडीला कफ पातळ करणारे ॲम्ब्रॉक्सॉल असते. त्याचे मूळ आपल्या कुंपणावरच्या आडुळशात आहे, हे वाचकांना कदाचित नवल वाटेल: आडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्झिन घडविले गेले आणि ब्रोमहेक्झिनचे शरीरात जे रूपांतर होते तेच ॲम्ब्रॉक्सॉल. आजीच्या काढ्याशी आपल्या बाटलीचे नाते आहे, पण ते नाते व्यापारी नावात दिसत नाही, घटकाच्या नावाचा माग काढला तरच दिसते.

नाक मोकळे करणाऱ्या द्रव्याची कहाणी तर व्यापारी नावावर विसंबण्याचा धोका अगदी उघडा करून दाखविते. अमेरिकेत दीर्घकाळ या कामी फेनिलप्रोपॅनोलामिन वापरीत. येल विद्यापीठातील संशोधकांनी त्याचा मेंदूतील रक्तस्रावाशी, विशेषतः स्त्रियांत, संबंध दाखविला आणि २००० साली तेथील औषध प्रशासनाने ते बाजारातून काढून घेण्यास उत्पादकांना सांगितले. भारत सरकारने त्यावर मनाई केली ती २०११ च्या फेब्रुवारीत. त्याची जागा स्यूडोएफेड्रिनने घेतली. हे द्रव्य नाकावर खरोखर गुणकारी आहे, परंतु त्यापासून मेथॲम्फेटामिन हे घातक मादक द्रव्य घरगुती भट्ट्यांत तयार होऊ लागल्यामुळे २००६ पासून तेथे ते ओळखपत्र पाहून व नोंदवहीत सही घेऊन गल्ल्यामागून देण्याचा कायदा झाला. मग उत्पादकांनी फेनिलेफ्रिन घातले. आणि २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीतील सोळाही सदस्यांनी एकमुखाने निर्णय दिला की पोटात घेतलेले फेनिलेफ्रिन चोंदलेले नाक मोकळे करीत नाही, कारण आतड्यात व यकृतातच त्याचा बहुतांश निकाल लागतो आणि नाकापर्यंत पोचायला फारच थोडे उरते. २०२४ च्या नोव्हेंबरात ते यादीतून वगळण्याचा प्रस्तावही त्या प्रशासनाने मांडला. इतक्या उलथापालथींत कित्येक पेट्यांवरचे ठळक नाव आणि तिचा रंग मात्र जसाच्या तसा राहिला. 'हीच गोळी आम्ही वीस वर्षे घेतो' असे म्हणणारा माणूस वीस वर्षे एकच नाव घेत असतो, गोळी कदाचित तीन वेळा बदललेली असते. आपल्याकडे आजही सर्दीच्या बहुसंख्य गोळ्यांत फेनिलेफ्रिन आहे, आणि त्यासाठी आपण पैसे मोजतो आहोत.

येथे कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अँड्रिया राडुकान या सोळा वर्षांच्या रुमानियन मुलीने जिम्नॅस्टिक्सचे सर्वंकष सुवर्णपदक मिळविले आणि काही दिवसांतच ते तिच्याकडून परत घेण्यात आले, कारण संघाच्या डॉक्टरने तिला सर्दीसाठी जी गोळी दिली होती तीत स्यूडोएफेड्रिन होते. आमच्या तालमींतून आज पोरे राष्ट्रीय स्पर्धांना जातात, त्यांचीही द्रव्यचाचणी होते, आणि त्यांनाही माघाच्या थंडीत पडसे होतेच. लाल मातीत अंग घुसळून वर्षानुवर्षे केलेली मेहनत मेडिकलातल्या एका न वाचलेल्या ओळीपायी मातीमोल होऊ नये, एवढ्यासाठी तरी प्रत्येक वस्तादाने औषधाची पाठ वाचण्याचा शिरस्ता पाडला पाहिजे.

आता सरकारच्या दप्तराकडे वळू. औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करून मूळ नावांनीच ती विकावीत, अशी शिफारस जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ सालीच केली होती, आणि ती बासनात राहिली. राज्यांच्या परवान्यांवर, केंद्राची मंजुरी न घेता बाजारात उतरलेल्या हजारो मिश्र औषधांची छाननी करण्यासाठी २०१४ साली जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे होते. तिच्या अहवालावरून १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली, आणि त्यांत सर्दीखोकल्याची अनेक होती. कंपन्या न्यायालयात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा तज्ज्ञांकडे धाडले. डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने फेरतपासणी केली आणि २०१८ च्या सप्टेंबरात ३२८ मिश्रणे पुन्हा बाद झाली. या दोघा विद्वानांच्या परिश्रमांविषयी मला नितांत आदर आहे. पण बंदीचे जाहीरनामे घटकांच्या नावांनी निघतात आणि लोकांच्या तोंडी असतात व्यापारी नावे, तेव्हा ज्याच्या भल्यासाठी फर्मान काढले त्या गृहस्थाला ते आपल्या डब्यातल्या पट्टीला लागू आहे की नाही हे कळतच नाही.

याहून मर्मावर बोट ठेवणारी गोष्ट १९४५ च्या औषध नियमावलीतील ९६ व्या नियमाची आहे. २०१८ सालच्या दुरुस्तीने असे ठरले की औषधाचे मूळ नाव व्यापारी नावापेक्षा निदान दोन आकडे मोठ्या टाइपात छापावे. दुरुस्ती उत्तम आणि तिच्यामागचा हेतूही उत्तम. परंतु त्याच वाक्यात दोन अपवाद घातले गेले: जीवनसत्त्वांची मिश्रणे, आणि तीन किंवा त्याहून अधिक द्रव्ये असलेली इतर मिश्रणे. एकच द्रव्य असलेली गोळी ओळखायला मुळात सोपी, तिचे नाव मोठे. आणि जिच्यात तीन-तीन, चार-चार द्रव्ये कोंबलेली आहेत, जिच्यामुळे मात्रेची दुबार गणती होते, आक्कासारख्यांना चक्कर येते, त्या सर्दीच्या गोळीला मुभा! जागेची अडचण आहे, चार लांबलचक नावे मोठ्या टाइपात मावणार कशी, हे या मुभेचे समर्थन मी समजू शकतो, पण ते मला पटत नाही. ज्या वेष्टनावर दोन रंगांत, ठसठशीत वळणाने व्यापारी नाव मावते, त्यावर चार घटक मावत नसतील तर मावत नाही ते व्यापारी नाव, असा निवाडा व्हायला हवा होता. उलट, तीन किंवा त्याहून अधिक द्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ती नावे सर्वांत ठळक असावीत, प्रत्येक गोळीच्या कप्प्यामागे ती पुन्हा छापलेली असावीत म्हणजे कात्री कशीही चालली तरी मजकूर तुटणार नाही, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर ती देवनागरीतही असावीत.

यावर जो आक्षेप हटकून घेतला जातो तो असा, की सामान्य माणसाला ही अवघड रासायनिक नावे काय कळणार. हा आक्षेप घेणाऱ्याने आमच्या शिवारात एक दिवस यावे. शेती सेवा केंद्रात येणारा ऊसकरी 'चांगलं खत द्या' असे म्हणत नाही, तो 'अठरा-सेहेचाळीस' मागतो, 'दहा-सव्वीस-सव्वीस' मागतो, आणि त्यांतला पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा हे त्याला पाठ असते. कंपनी कोणतीही असो, पोत्यावरचे आकडे जुळले की काम झाले. दूध संस्थेत पहाटे घागर घेऊन उभी राहणारी बाई पावतीवरचे फॅट आणि एसएनएफ वाचते आणि एका दशांशाचा फरक पडला तर यंत्रापाशी थांबून जाब विचारते. उसाच्या सरीत काय घालायचे आणि म्हशीच्या दुधात काय आहे हे ज्यांना घटकांनी कळते, त्यांना आपल्या पोटात काय चालले आहे हे घटकांनी कळणार नाही, असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. त्यांना खताचे आकडे कळले, कारण पोत्यावर ते मोठे छापलेले आहेत आणि दुकानात तीच भाषा चालते. मेडिकलात ती भाषा कोणी चालू केली नाही, एवढाच भेद.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. वेष्टनावर छापलेलेच खोटे असेल तर वाचून काय उपयोग? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दीखोकल्याचे औषध पाजलेली वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणली होती आणि तेथेच गेली. 'कोल्ड्रिफ' या त्या औषधावर पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन व क्लोरफेनिरामिन ही नेहमीची नावे होती. तामिळनाडूच्या शासकीय प्रयोगशाळेने तपासले तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल निघाले, ज्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. याच विषाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिनमधून १४ रुग्णांचा बळी घेतला होता आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाचे सारे वाभाडे काढले होते. असले विष भिंगाने दिसत नाही. ते पकडण्याची जबाबदारी कारखान्याची व औषध निरीक्षकाची आहे, आणि नागरिकाच्या वाचनाने तिच्यातून कोणालाही सूट मिळत नाही.

परंतु या भीषण प्रकरणातही दोन गोष्टी वेष्टनावरच्या आहेत. फेनिलेफ्रिन व क्लोरफेनिरामिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा हुकूम केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरातच काढला होता. म्हणजे बाटलीतले विष बाजूला ठेवले, तरी तान्ह्या लेकरांना हे मिश्रण पाजण्याचे कारण नव्हते, आणि घटक वाचणाऱ्या आईला ते कळण्याची शक्यता होती. दुसरी गोष्ट अशी, की ५ ऑक्टोबरला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जो इशारा दिला तो एसआर-१३ या बॅच क्रमांकाचा होता. ज्याच्या घरी बाटलीचे वेष्टन शाबूत त्याला घडीभरात खात्री करता आली. आक्काच्या कापलेल्या पट्टीवर बॅच क्रमांक नव्हता, मुदतही नव्हती. ही माहिती उरलेल्या चार गोळ्यांबरोबर दुकानातच राहिली होती. अशा पट्टीविषयी उद्या इशारा निघाला तर तो कोणासाठी असणार?

मी त्या दुकानदाराशी पुन्हा बोललो. पूर्ण पट्टी घ्या असा आग्रह गरीब गिऱ्हाइकाला करता येत नाही, हे त्याचे म्हणणे रास्त आहे. तेव्हा आमच्यात असे ठरले, की कापून दिलेल्या गोळ्या तो कागदी पुडीत घालील आणि पुडीवर घटकांची नावे, मात्रा, बॅच क्रमांक व मुदत लिहील. पहिले काही दिवस गर्दीच्या वेळी विसर पडला. आता दुकानातला मुलगा दुपारच्या निवांत वेळी चालू गोळ्यांच्या पुड्या आधीच लिहून ठेवतो. घरच्या डब्यातल्या सातांपैकी तीन पट्ट्या मी टाकून दिल्या आणि उरलेल्यांवर कागद चिकटवून मराठीत घटक लिहिले.

मार्गशीर्षात तिला पुन्हा पडसे झाले. नातू निघाला तेव्हा तिने त्याला थांबवून वहीचे पान फाडायला लावले आणि स्वतः सांगून लिहवून घेतले: 'सर्दीची गोळी. क्लोरफेनिरामिन नको. खाजेची सेटिरिझिन चालू आहे.' अर्ध्या तासाने तो एक पुडी घेऊन आला. तिच्यावर निळ्या शाईत लिहिले होते: पॅरासिटामॉल ५००, चार गोळ्या, दुसरे काही नाही.